संत्र्याचं प्रोटीन पुडिंग: रवाळ का होतं, पाणी का सुटतं आणि सकाळी कडू का लागतं

चक्का, पनीर, एक स्कूप व्हे पावडर (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची भुकटी), संत्रं आणि लिंबू. ओव्हन नाही, अंडं नाही. सगळं एकत्र करायचं, चायना ग्रासनं बांधायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. वाचायला इतकं सोपं की बिघडणार काय, असं वाटतं. तरी हिवाळ्यात संत्री स्वस्त झाली की तक्रारी सुरू होतात, आणि दरवर्षी त्याच असतात. रवाळ झालं, फाटलं, जमलंच नाही, वर पाणी आलं, रात्री गोड होतं ते सकाळी कडू लागतंय. खापर फुटतं ते बहुतेक वेळा लिंबाच्या डोक्यावर.

लिंबाचा यात जवळजवळ कधीच दोष नसतो. दुधात लिंबू पिळलं की दूध नासतं हे आपण लहानपणापासून पाहतो, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. दुधातलं केसिन हे प्रथिन सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका लहान तितकं जास्त आंबट) ४.६ च्या आसपास आला की एकत्र येऊन साकळतं, आणि लिंबाच्या रसाचा सामू असतो दोन-अडीच. दूध फाटणारच. पण दह्यात ही सगळी घडामोड विरजणानं आधीच उरकलेली असते. जे साकळायचं ते साकळलंय, त्याचाच तर चक्का झालाय. त्यात चमचाभर लिंबू पिळल्यानं तो पुन्हा फाटत नाही, फक्त आंबट होतो. पनीरचंही तेच. तेव्हा लिंबू कमी करून बघू, पुढच्या वेळी लिंबू शेवटी घालू, असे उपाय करत बसू नका. खरी भानगड तापमानाची आणि कशात काय आधी घातलं त्या क्रमाची असते.

आधी माप सांगते, म्हणजे पुढचं कशाबद्दल आहे ते कळेल. सहा वाट्यांसाठी ४०० ग्राम चक्का, २०० ग्राम ताजं पनीर, बिनचवीची व्हे पावडर ३० ग्राम, पिठीसाखर ८० ग्राम, संत्र्याचा रस १०० मिली, एका लिंबाचा रस, दोन संत्र्यांची किसलेली साल, चिमूटभर मीठ, आणि १०० मिली पाण्यात ४ ग्राम चायना ग्रास पावडर. एक किलो गाईच्या दह्याचा चारशे ग्रामच्या आसपास चक्का निघतो आणि त्यात साधारण ३० ग्राम प्रथिनं उरतात. पनीरमधून ३५ च्या आसपास, व्हेमधून २२ ते २४. म्हणजे एका वाटीला पंधरा ग्रामच्या आसपास पडतात. तळाला डाळं, शेंगदाणे आणि खजूर वाटून थर दिला तर थोडी आणखी. मूठभर मारी बिस्किटं आणि लोणी यांच्या थरापेक्षा हा थर मला चवीलाही बरा वाटतो, पण तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न.

रवाळ झालंय: आधी कण बोटांत धरून बघा

“रवाळ” या एका तक्रारीमागे चार वेगळी कारणं असतात, आणि चौघांचे उपाय वेगळे. म्हणून अंदाज करण्यापेक्षा एक कण बाहेर काढून तो अंगठा आणि तर्जनीत चोळायचा.

आमच्या इमारतीतली जिमला जाणारी एक मुलगी एकदा वाटीच घेऊन आली होती. “काकू, हे बघा ना, फाटलंय सगळं. लिंबू जास्त झालं का?” वाटीत पांढऱ्या मिश्रणात बारीक दोऱ्यांसारखं काहीतरी दिसत होतं. एक दोरी चिमटीत धरली. ती गुळगुळीत होती, जराशी पारदर्शक, आणि दाबली तर न पसरता टचकन तुटली. बोटावर पांढरा लेप उरला नाही. फाटलेलं दूध असं वागत नाही. उकळत्या पाण्याच्या पेल्यात तो तुकडा टाकला तर थोड्या वेळानं विरघळून दिसेनासा झाला. ते चायना ग्रास होतं. “चक्का फ्रिजमधून काढून लगेच घेतलास ना?” तर हो.

हे सगळ्यात जास्त वेळा होतं, म्हणून इथे जरा थांबते. चायना ग्रास, म्हणजेच अगर-अगर, समुद्री शेवाळापासून काढतात. त्याचा स्वभाव असा की विरघळायला जवळजवळ उकळतं पाणी लागतं आणि एकदा विरघळलं की ३५ ते ४० अंशांना ते घट्ट व्हायला लागतं. फ्रिजची गरजच नाही, ओट्यावरही जमतं. आता हिशेब करा. फ्रिजमधून काढलेलं ८०० ग्राम मिश्रण आठ अंशांवर आहे. त्यात ८० अंशांचं शंभर ग्राम द्रावण ओतलं. सगळं मिळून तापमान येतं सोळा अंशांच्या आसपास. म्हणजे द्रावण मिश्रणात मिसळायच्या आधीच, धार जिथे पडते तिथेच ते गोठतं. तुम्ही रवी फिरवत राहता आणि त्या गोठलेल्या धारेचे तुकडे होत राहतात. तेच ते “दाणे”. त्यातून पुढचं दुखणं असं की अर्धं चायना ग्रास दाण्यांत अडकल्यामुळे बाकीचं मिश्रण बांधायला काही उरत नाही. रवाळही होतं आणि सैलही राहतं. लोक मग पुढच्या वेळी चायना ग्रास वाढवतात, आणि दाणे आणखी मोठे होतात.

उपाय एकच. चक्का, पनीर, साखर, रस, व्हे हे सगळं एकजीव करून झालं की ते पातेलं कोमट पाण्याच्या परातीत ठेवायचं आणि ढवळत राहायचं. विरजण लावताना दूध जेवढं कोमट ठेवतो तेवढं मिश्रण झालं पाहिजे, चाळीस-बेचाळीस अंश. चक्क्याला एवढ्या उबेनं काही होत नाही, तो त्याच तापमानाला जन्मलाय. मग चायना ग्रासचं द्रावण गॅसवरून उतरवून दोन-तीन मिनिटं थांबायचं, सत्तर अंशांच्या आसपास येऊ द्यायचं, आणि बारीक धारेनं ओतत दुसऱ्या हातानं जोरात फेटायचं. आता गणित त्रेचाळीस अंशांवर येतं आणि वाट्यांत ओतायला थोडा वेळ मिळतो. थोडाच. वाट्या आधी मांडून ठेवा, फोन वाजला तरी उचलू नका. वाट्यासुद्धा फ्रिजमधून काढलेल्या नकोत.

कोणी म्हणतं, पाण्याच्या परातीची कटकट नको, आधी द्रावणात दोन चमचे चक्का घालून ते बाकीच्यात मिसळू. उन्हाळ्यात चालून जातं. डिसेंबरात सकाळी स्वयंपाकघर अठरा-वीस अंशांवर असतं, तिथे नाही चालत.

आता बाकीचे तीन कण. कण पांढरा असेल, चोळल्यावर पिठूळ पसरत असेल आणि उकळत्या पाण्यात विरघळण्याऐवजी तसाच राहत असेल तर ते पनीर. पाकिटातलं पनीर फ्रिजमधून काढलं की घट्ट असतं, मिक्सरमध्ये त्याचा भुगा होतो, लोणी होत नाही. त्याचे तुकडे दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवा, मऊ झाले की पाणी निथळून संत्र्याच्या रसातला थोडा रस घालून वाटा. मिक्सरच्या भांड्याला वरून हात लावला तर गुळगुळीत झालेलं पनीर वेगळंच आवाज करतं, खडखड थांबते. तरी शंका असेल तर श्रीखंडाचा चक्का जसा पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून घासून काढतो तसं सगळं मिश्रण घासा. घरी पनीर करत असाल तर वजनाखाली दाबूच नका, नुसतं बांधून निथळलेलं मऊ पनीर यासाठी उत्तम.

कण फोडल्यावर आत कोरडी भुकटी दिसली तर ती व्हे पावडरची गुठळी. पावडर थेट चक्क्यात टाकली की असं होतं. आधी ती तीन-चार चमचे गार रसात कालवून पेस्ट करायची आणि मग घालायची. आणि कण रबरासारखा चिवट असेल, दाताखाली कुचकुचत असेल, तर व्हे शिजलंय. व्हेमधली प्रथिनं आंबटानं साकळत नाहीत, पण सत्तर अंशांच्या पुढे उष्णतेनं साकळतात. उकळतं द्रावण भसकन ओतलं की जिथे पडतं तिथे त्याचा खरवस होतो. वर सांगितलेली दोन-तीन मिनिटांची विश्रांती त्यासाठीच आहे.

पावडरच्या डब्यावरची घटकांची यादी एकदा वाचा. नुसतं व्हे असेल तर ठीक. त्यात केसिन किंवा “दूध प्रथिन” मिसळलेलं असेल तर मात्र लिंबाला पहिल्यांदाच खरंखुरं काम मिळतं, कारण हे केसिन अजून साकळलेलं नसतं. ते आंबट रसात गेलं की मऊ, बारीक कण होतात. दूध पावडर घालून प्रथिनं वाढवायला जाणाऱ्यांचंही तेच होतं. अशी पावडर वापरायचीच असेल तर ती रसात न कालवता चक्क्यात घोटून घाला आणि आंबट रस सगळ्यात शेवटी, थेंबाथेंबानं. तरी थोडी रवाळी राहील.

जमलंच नाही

सकाळी वाटी तिरकी केली आणि सगळं वाहत आलं, तर दोष बहुतेक चायना ग्रास शिजवण्यात असतो. ते विरघळल्यासारखं दिसणं वेगळं आणि विरघळणं वेगळं. पावडर आधी गार पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवायची, मग ढवळत उकळी आणायची, आणि उकळी आल्यावर पुढे दोन मिनिटं तशीच खदखदू द्यायची. चमच्याच्या पाठीवर एकही कण दिसता कामा नये. पट्ट्यांचं चायना ग्रास असेल तर ते कापून निदान अर्धा तास भिजत घालावं लागतं आणि विरघळायला पाच-सात मिनिटंही लागतात. पाणी आटलं तर वर थोडं घाला. पट्ट्या मोजताना “एक मूठ” वगैरे हिशेब चालत नाही, काट्यावर तोला.

दुसरं कारण जास्त चकवणारं आहे. पाणी कशाला वाढवा, रसातच चायना ग्रास उकळू, असं बरेच जण करतात. आंबट द्रवात उकळलं की अगरची साखळी तुटत जाते आणि त्याची बांधण्याची ताकद कमी होते. लिंबाच्या रसात तर फारच. साध्या पाण्यात उकळा, रस कोमट मिश्रणात आधीच असू द्या. शिवाय रस उकळण्याचं दुसरं नुकसान पुढे कडूपणाच्या भागात येतं.

चायना ग्रासच्या पाकिटापाकिटांत ताकद वेगळी असते, म्हणून नवं पाकीट उघडलं की द्रावणाचा एक चमचा गार ताटलीवर टाकून बघा. मिनिटाभरात त्याची घट्ट टिकली झाली पाहिजे, बोटानं ढकलली तर अख्खी सरकणारी. ओघळत राहिली तर द्रावण आणखी उकळा किंवा थोडी पावडर भिजवून वाढवा. ही तपासणी मिश्रणात ओतण्याआधीच करायची, कारण नंतर दुरुस्ती नाही. न जमलेलं पुडिंग पुन्हा तापवून चायना ग्रास वितळवायचं म्हटलं तर पंच्याऐंशी अंशांपर्यंत जावं लागेल, आणि तिथे चक्क्याचं पाणी वेगळं आणि चोथा वेगळा. अशा वेळी सरळ पेल्यांत ओतून, वर पिस्ते घालून “संत्र्याचं श्रीखंड” म्हणून वाढा. कोणाला काही कळत नाही.

जिलेटिन वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: ते गार पाण्यात भिजवून मग नुसतं कोमट करून विरघळवायचं, उकळायचं नाही. जमायला फ्रिज लागतोच. संत्री-लिंबाशी त्याचं वैर नाही, पण कच्चा अननस, पपई किंवा किवी घातली तर या फळांतली विकरं (एन्झाइम) जिलेटिन पचवून टाकतात आणि ते कधीच जमत नाही. न जमलेलं जिलेटिनचं मिश्रण मात्र पुन्हा कोमट करून दुरुस्त करता येतं, हा त्याचा फायदा. ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून होतं, तेव्हा पाहुण्यांना आधी सांगा.

वर पाणी आलं

थोडं, म्हणजे चमचाभर पाणी दुसऱ्या दिवशी येणारच, दह्याचा धर्म आहे तो. वाटी तळ्यासारखी भरली असेल तर मात्र चक्का ओला होता. “रात्रभर टांगला होता” याला अर्थ नाही. कापड किती दाट, दही किती घट्ट, टांगताना पुरचुंडी मध्ये एकदा उलटली का, यावर सगळं अवलंबून असतं. आतला गोळा ओला आणि कापडाला लागलेला भाग कोरडा, हे नेहमीचं. वजन करा. एक किलो दह्याचा चक्का साडेपाचशे ग्राम भरला तर अजून निथळायचाय. काटा नसेल तर चमचाभर चक्का टिश्यू पेपरवर ठेवून पाच मिनिटांनी उचला. भोवती रुंद ओलं कडं उमटलं तर परत बांधा. टांगायला जागा फ्रिजमध्येच करा, चाळणीत ठेवून खाली पातेलं. बाहेर टांगलेलं दही निथळता निथळता आंबत जातं आणि मग ते आंबटपण झाकायला साखर वाढते.

आणि साखर वाढली की पुन्हा पाणी. श्रीखंड करणाऱ्या कोणालाही विचारा, घट्ट चक्क्यात साखर मिसळली की तो सैल होतो. साखर पाणी ओढून घेते आणि तिचा पाक होतो. म्हणून या मापात ८० ग्रामच्या पुढे गेलात तर रस तेवढा कमी करा.

रसाचा मोह हे तिसरं कारण. संत्र्याची चव कमी लागली की माणूस आणखी रस ओततो. पण रसात नव्वद टक्क्यांच्या जवळपास पाणीच असतं. संत्र्याचा वास येतो सालीतून, आंबटपणा लिंबातून, रस नुसता मध्ये उभा असतो. वास हवा तर साल वाढवा. नागपुरी संत्र्याची साल ढिली, फळ जुनं झालं की अगदी फुगलेली, त्यामुळे किसणीवर ती आत दबते आणि बोटं सोलून निघतात. घट्ट सालीचं ताजं फळ निवडा, कोमट पाण्यात चोळून धुवा, पुसून कोरडं करा आणि सोलायच्या आधी अख्ख्या फळावरच किसणी फिरवा. फक्त नारिंगी रंग उतरवायचा. ही किसलेली साल पिठीसाखरेत बोटांनी चुरून दहा मिनिटं ठेवलीत तर साखर केशरी आणि ओलसर होते, डब्याचं झाकण उघडलं की वास घरभर. एवढा वास शंभर मिली जादा रसातूनही येत नाही.

फळाच्या फोडी वरून लावायच्या असतील तर वाढताना लावा. रात्री लावल्या तर सकाळी त्यांचंच पाणी सुटलेलं असतं. आणि फ्रीजरमध्ये ठेवून “लवकर जमवणं” बंद करा. आत बर्फाचे कण होतात, बाहेर काढल्यावर ते वितळतात आणि पुडिंग स्पंजासारखं गळायला लागतं.

रात्री गोड, सकाळी कडू

ही तक्रार विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला नवी नाही. मोसंबीचा रस काढला की लगेच प्यायचा, ठेवला की कडू होतो, हे रसवंतीवालाही सांगेल. नागपुरी संत्र्याचंही कमी-अधिक तसंच. तरी पुडिंग कडू झालं की संशय जातो चायना ग्रासवर किंवा पावडरवर.

कारण आहे लिमोनिन नावाचं द्रव्य. अख्ख्या फळात ते कडू नसलेल्या रूपात असतं, मुख्यतः बियांत, पाकळ्यांच्या पडद्यांत आणि पांढऱ्या सालीत. फळ पिळलं की ते रसातल्या आम्लाच्या तावडीत सापडतं आणि हळूहळू, काही तासांत, त्याचं कडू लिमोनिन होतं. रस तापवला तर आणखी लवकर. म्हणूनच तो चायना ग्रासबरोबर उकळायचा नाही, आणि “चव दाट करायला” आटवायचा तर मुळीच नाही. दहा लाख भागांत पाच-सहा भाग लिमोनिन असलं तरी जिभेला कळतं, त्यामुळे साखर टाकून ते लपत नाही. चिमूटभर मिठानं कडूपणा जरा दबतो, पण दबतो एवढंच.

कडू कधी लागलं यावरून कारण ओळखता येतं. मिश्रण कालवतानाच कडू असेल तर सालीबरोबर पांढरा भाग किसला गेलाय, किंवा तुम्ही पपनस वापरलंय. पपनसातला कडूपणा नारिंजिन या दुसऱ्या द्रव्याचा, तो पहिल्या घासालाच कळतो. कालवताना छान आणि सकाळी कडू, तर लिमोनिन.

त्याला आवर घालायचा तो रस काढतानाच. संत्रं सोलून पाकळ्या मिक्सरमध्ये घालून घुर्र केलं की बिया आणि पडदे दोन्ही चिरडले जातात, याहून वाईट पद्धत नाही. संत्रं आडवं कापून हातानं हलकं पिळा, शेवटचा थेंब काढायच्या नादी लागू नका, लगेच बारीक गाळणीतून गाळा. वेळ असेल तर पाकळ्या सोलून, बिया काढून, नुसता गर चाळणीवर दाबा. कंटाळवाणं आहे, पण दोन वाट्या गर सोलायला टीव्हीसमोरचा अर्धा तास पुरतो. रस आदल्या दिवशी काढून ठेवू नका. मोसंबी या पदार्थात मी घेतच नाही. ती पिण्याचं फळ आहे.

हंगामानंही फरक पडतो. फळ पिकत जातं तसं त्यातलं हे द्रव्य कमी होत जातं. अंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) पहिली, हिरवट-पिवळी फळं बाजारात येतात तेव्हा रस गोड लागला तरी सकाळचा भरवसा नाही. मृग बहाराची (पावसाच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) फेब्रुवारी-मार्चातली भरलेली संत्री या कामाला जास्त चांगली. मध्ये कधी करायचंच असेल तर रस अर्धा करा, तेवढंच पाणीही वाढवू नका, आणि भिस्त सालीवर आणि लिंबावर ठेवा. कागदी लिंबाचा रसही शिळा झाला की कडवटतो, पण चमचा-दोन चमच्यांत ते जाणवत नाही. त्याच्या सालीला मात्र जपा, ती इतकी पातळ असते की किसणीचा दुसरा फेरा पांढऱ्यात जातो.

जाता जाता एक गोष्ट. अमेरिकेत फ्लोरिडातला प्रसिद्ध “की लाइम पाय” (लिंबाच्या सारणाचा गोड पदार्थ) ज्या लिंबाचा होतो ते म्हणजे आपलं कागदी लिंबूच. त्यात आटवलेल्या गोड दुधाच्या डब्यात लिंबू पिळतात आणि ते दूध फाटण्याऐवजी दाट, गुळगुळीत होतं, कारण त्यात साखर आणि घन भाग भरपूर असतात. ते वाचून कोणी साध्या टोन्ड दुधात, साखर कमी करून, लिंबू पिळतं आणि हाती पनीर येतं. आटवलेल्या दुधाच्या डब्यात निम्म्याहून जास्त साखर आणि आठ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. पाय म्हणून झकास, प्रोटीनचा पदार्थ म्हणून त्याचा उपयोग नाही.

खडूसारखं लागतं, टाळूला चिकटतं

पावडर जास्त झाली. एका स्कूपनं एवढं प्रोटीन मिळतं तर दोन-तीन घालू, हा हिशेब जिममध्ये ठीक, वाटीत नाही. व्हे रात्रभरात पाणी शोषतं आणि तोंड कोरडं पाडतं. या मापाला ३० ग्राम ही हद्द समजा, प्रथिनं आणखी हवी असतील तर पनीर ५० ग्राम वाढवा. व्हॅनिलाच्या स्वादाच्या पावडरींत बहुधा कृत्रिम गोडी असते, आणि ती लिंबाच्या आंबटाबरोबर जिभेच्या मागच्या बाजूला बराच वेळ रेंगाळते. बिनचवीचीच घ्या. वाटाणा किंवा सोयाबीनची पावडर या पदार्थात पिठूळ लागते. डेअरी नको असलेल्यांनी वेगळा पदार्थ करावा, हाच नको.

घट्ट, सुरीनं कापण्यासारखं झालं असेल तर चायना ग्रास जास्त झालं. वाटीतून चमच्यानं खायचं असेल तर ४ ग्राम पुरे, साच्यातून उलटं काढून ताटलीत मांडायचं असेल तर ६. साचा काढताना कड सुरीनं सोडवा आणि तळाला क्षणभर कोमट पाण्यात धरा.

भांडी स्टीलची किंवा काचेची. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात आंबट मिश्रण ठेवलं की धातूची चव उतरते, कल्हई नसलेल्या पितळेत तर ठेवूच नका. फ्रिजमध्ये झाकून दोन दिवस, फार तर तीन. चायना ग्रासचं पुडिंग डब्यात नेलं तरी वितळत नाही, ऑफिसला पोचेपर्यंत आकार टिकतो. पण आकार टिकला म्हणजे दही टिकलं असं नाही, दोन तासांच्या आत खाऊन टाका किंवा डब्यात बर्फाची पिशवी ठेवा. जिलेटिनचं मार्चनंतर डब्यात नेऊच नका.